ध्वजवंदनाला प्रायोजक घ्यावा का?

शेवंती (मुलुंड)

नमस्कार. मुलुंड पूर्वेला आमची ८४ सदनिकांची गृहनिर्माण संस्था आहे आणि गेल्या वर्षापासून मी तिची सचिव म्हणून काम पाहते. १५ ऑगस्टचे ध्वजवंदन आम्ही आजवर अगदी साधेपणाने करत आलो आहोत. सकाळी आठ वाजता वाहनतळाच्या मोकळ्या जागेत ध्वज फडकतो, राष्ट्रगीत होते, मुले दोन गाणी म्हणतात आणि मग प्रत्येकाच्या हातावर पेढा पडतो. खर्च पाच-सहा हजारांच्या वर कधी गेलेला नाही.

यंदा मात्र आमच्या भागात मोठा गृहप्रकल्प उभारणाऱ्या एका बांधकाम कंपनीने सगळा कार्यक्रम स्वतःच्या खर्चाने करून देण्याचा प्रस्ताव दिला आहे. मांडव, ध्वनिक्षेपक, सर्वांचा नाश्ता, मुलांना टोप्या आणि ३०० कागदी झेंडे ती देणार आहे. त्या बदल्यात तिला तीन गोष्टी हव्या आहेत: ध्वजस्तंभाला कंपनीचा फलक बांधायचा, कागदी झेंड्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर अशोकचक्राच्या खाली कंपनीचे नाव छापायचे आणि झेंडे हलवणाऱ्या मुलांची छायाचित्रे कंपनीच्या जाहिरातीत वापरायची.

हा प्रस्ताव आमचे सर्वांत ज्येष्ठ सदस्य घेऊन आले आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. संस्थेची इमारत उभी राहण्यापासून प्रत्येक कामात त्यांचे कष्ट आहेत आणि मुलांना एक दिवस थाटाचा मिळावा यापलीकडे त्यांचा काहीही हेतू नाही, हे मला ठाऊक आहे. कार्यकारिणीच्या सात जणांपैकी चौघे त्यांच्या बाजूने आहेत.

माझे मन मात्र तयार होत नाही, त्याचे कारण सांगते. गेल्या वर्षी १५ ऑगस्टला एका दुकानाची माणसे आमच्या फाटकाशी उभी राहून मुलांना कागदी झेंडे वाटून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशींनी गटाराच्या जाळीत अडकलेले अकरा झेंडे काढले, पदराने पुसले आणि ‘ताई, हे कचऱ्यात टाकायला हात होईना,’ असे म्हणून माझ्याकडे आणून दिले. त्यांच्या मागच्या बाजूला दुकानातील सवलतींची जाहिरात छापलेली होती. झेंड्यामागे ती जाहिरात आहे हे मावशींना वाचता येत नव्हते, पण त्यांनी झेंडा ओळखला होता. त्या दुकानाला मात्र त्या कागदात झेंडा दिसला नव्हता.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. कंपनीच्या या तीन अटी कायद्यात बसतात का? आणि कायद्याचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी व्यापाराने देशप्रेमाचा असा उपयोग करावा का? नकार द्यायचा झाला तर तो अण्णांना न दुखावता कसा द्यावा, हेही कोणी सांगितले तर मला हवे आहे.

दादरकर

मी वकिली करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नापुरते सांगतो. तिन्ही अटी नाकारण्यासारख्या आहेत, आणि प्रत्येकीचे कारण वेगळे आहे.

स्तंभावरच्या फलकाबद्दल भारतीय ध्वजसंहिता, २००२ अगदी स्पष्ट आहे. राष्ट्रध्वज कोणत्याही स्वरूपाच्या जाहिरातीत वापरू नये आणि ज्या काठीवर ध्वज फडकतो त्या काठीला जाहिरातीचा फलक बांधू नये, असे तिच्यात म्हटले आहे. म्हणजे कंपनीने पहिली अट जणू हे वाक्य समोर ठेवून ते मोडण्यासाठीच घातली आहे. छायाचित्रांची अटही येथेच अडते, कारण मुलांच्या हातातला ध्वज जाहिरातीत आला की तो जाहिरातीत वापरला गेलाच. त्याशिवाय मुलांच्या छायाचित्रांची परवानगी त्यांच्या पालकांनी द्यायची असते. संस्थेच्या कार्यकारिणीला ती परस्पर देता येत नाही.

झेंड्यावर नाव छापणे याहून गंभीर आहे. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ यात ध्वजावर कोणत्याही प्रकारचा मजकूर लिहिणे हे अवमानाच्या प्रकारांत गणले आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी आहे. कागदावर छापलेला झेंडा म्हणजे काही खरा ध्वज नव्हे, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पण त्याच कायद्याने ‘राष्ट्रध्वज’ या शब्दात ध्वजाचे चित्र, छायाचित्र आणि कोणत्याही पदार्थावर काढलेली दृश्य प्रतिकृती यांचाही समावेश केला आहे.

तिसरा कायदा फारसा कोणाच्या लक्षात नसतो, तो म्हणजे बोधचिन्हे व नावे (अनुचित वापर प्रतिबंध) अधिनियम, १९५०. त्याच्या अनुसूचीत दिलेली नावे आणि चिन्हे, किंवा त्यांची फसवी नक्कल, केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय व्यापार, धंदा किंवा व्यापारचिन्ह यासाठी वापरता येत नाही. त्या अनुसूचीत राष्ट्रध्वज आहे, महात्मा गांधी आहेत आणि छत्रपती शिवाजी महाराजही आहेत. आपल्या शहरात किती पाट्यांवर आणि किती वेष्टनांवर महाराजांची प्रतिमा दिसते हे आठवून पाहावे, म्हणजे कायदा आणि व्यवहार यांत किती अंतर पडले आहे याची कल्पना येईल. अंतर पडण्याचे कारण कायद्यातच आहे. त्यात मुळात ठेवलेला दंड अवघा ५०० रुपयांपर्यंतचा आहे, आणि केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीशिवाय न्यायालयाला अशा गुन्ह्याची दखलही घेता येत नाही. कोट्यवधींची जाहिरात करणाऱ्याला एवढ्याने धाक बसत नाही, हे मी खेदाने लिहितो.

एक गैरसमज होऊ नये म्हणून हेही सांगतो. केशरी, पांढरा आणि हिरवा रंग एकत्र दिसला की अवमान झाला, असे कायदा मानत नाही. मिठाईच्या दुकानातील तीन रंगांच्या बर्फीवर तक्रार करायला कोणी धावू नये. तिरंगी नकाशा आणि अशोकचक्र असलेला केक कापल्याच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्याला अवमान मानले नाही. अवमान करण्याचा हेतू असल्याशिवाय गुन्हा होत नाही, हा त्या निकालाचा गाभा. ध्वजसंहिता हा विधिमंडळाने केलेला कायदा नव्हे, त्या कार्यकारी सूचना आहेत, हेही सर्वोच्च न्यायालयाने नवीन जिंदल या उद्योजकाच्या २००४ च्या प्रकरणात म्हटले आहे. त्याच निकालाने सन्मानपूर्वक ध्वज फडकवण्याचा हक्क नागरिकाचा मूलभूत हक्क ठरवला आहे, आणि ध्वजाची प्रतिष्ठा राखणाऱ्या सूचना पाळल्याच पाहिजेत असेही सांगितले आहे. आपल्याला हक्क मिळाला तो ध्वजावरील प्रेम व्यक्त करता यावे म्हणून. तो हक्क संस्थेने कंपनीला भाड्याने देणे मला योग्य वाटत नाही.

कागदवाला

मी गेली ३१ वर्षे क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत कागदी वस्तूंचा घाऊक व्यापार करतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत झेंडे विकतो, त्यामुळे या चर्चेत व्यापाऱ्याची बाजूही यावी असे वाटले. झेंडा विकणे वेगळे आणि झेंडा दाखवून दुसरेच काही विकणे वेगळे, एवढे लक्षात ठेवून वाचावे ही विनंती. पहिल्या कामात मला लाज वाटत नाही. लोकांना झेंडा हवा असतो, तो कोणीतरी बनवतो, कोणीतरी विकतो आणि त्यावर काही घरे चालतात.

नाव छापून मागणारे गिऱ्हाईक दर हंगामात येते. शिकवणीवर्ग येतात, दागिन्यांची दुकाने येतात, निवडणूक जवळ असेल तर तेही लोक येतात. पूर्वी मी अशा ऑर्डरी घेतल्या आहेत. तेव्हा मला नियम माहीत नव्हता, पण माहीत नव्हता म्हणून चूक चूक नव्हती असे मी म्हणत नाही. एका वर्षी माझ्याच मुलाने शाळेतून आणलेल्या वहीत ध्वजावर काही लिहू नये हे वाक्य मला दाखवले आणि त्या दिवसापासून नाव छापणे बंद केले. एका शिकवणीवर्गाची ५,००० झेंड्यांची ऑर्डर त्यामुळे गेली आणि ती शेजारच्या गाळ्याने घेतली. नियम सगळ्यांना सारखा लागू झाला नाही तर तो पाळणाऱ्याचेच नुकसान होते, हे दादरकर यांच्या प्रतिसादाला जोडून सांगावेसे वाटते.

मी गिऱ्हाइकाला आता असे सांगतो की, नाव छापायचेच असेल तर खाऊच्या पुडीवर छापा, झेंडा कोरा राहू द्या. दहांतले चार ऐकतात. उरलेल्यांना मुलाच्या हातात खाऊ नको असतो, झेंडाच हवा असतो, कारण खाऊ लगेच संपतो आणि झेंडा घरापर्यंत जातो.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहिता बदलली आणि पॉलिएस्टरचे, यंत्रावर तयार होणारे ध्वजही चालतील असे ठरले. पुढच्या वर्षीच्या घरोघरी तिरंगा मोहिमेत टपाल कार्यालयात ध्वज २५ रुपयांना मिळत होता आणि ज्यांच्या दारात कधी ध्वज नव्हता त्यांच्याही दारात तो आला, याचा मला खरोखर आनंद झाला. पण घाईत छापलेल्या मालात चक्राचे आरे २४ भरत नव्हते, लांबी-रुंदीचे ३:२ हे प्रमाण बिघडलेले होते आणि चक्र मध्यभागी नव्हते. असा माल मी परत पाठवला. आपल्या नांदेडला आणि हुबळीजवळ बेंगेरीला खादीचा ध्वज तयार होतो. तो हातात घेऊन पाहावा, शिवण पाहावी. संस्थेने एकदाच तसा ध्वज घेतला तर मुलांच्या हातातल्या ३०० कागदांची गरजच उरणार नाही. हे सांगताना माझाच माल कमी खपेल हे मला कळते.

परळची शिक्षिका

मी शाळेत इतिहास शिकवत असे. आता निवृत्त आहे. दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे व्यापाराने देशप्रेमाचा उपयोग करावा का, याबद्दल मला बरेच म्हणायचे आहे, कारण हा प्रश्न आमच्या गिरणगावात शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

३१ जुलै १९२१ रोजी, लोकमान्यांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, गांधीजींच्या हस्ते परळला परदेशी कापडाची होळी झाली. लोकांनी स्वतःच्या अंगावरचे, पेटीतले, कधी लग्नातले कपडे आणून त्यात टाकले. पुढे १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापड घेऊन निघालेल्या मालमोटारीसमोर बाबू गेनू आडवा झाला आणि ती त्याच्या अंगावरून गेली. तो आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, मुंबईत गिरणीत काम करणारा तरुण होता. म्हणजे देशप्रेम आणि बाजार यांचा संबंध नवा नाही, आणि तो मुळात वाईटही नाही. स्वदेशी ही शेवटी काय विकत घ्यावे आणि काय घेऊ नये याचीच चळवळ होती.

मग फरक कुठे पडला, याचा मी वर्गात शिकवतानाही विचार करत असे. स्वदेशीच्या काळात गिऱ्हाइकाला काहीतरी सोडावे लागत होते. जाडेभरडे कापड महाग मिळे, ते लवकर मळे, आणि तरी ते घ्यायचे असा निश्चय करावा लागे. परदेशी माल न ठेवणाऱ्या दुकानदाराचाही धंदा बुडत होता. आज १५ ऑगस्टच्या नावाने जे मिळते ती सवलत असते: अमुक टक्के सूट, एकावर एक फुकट. देशाच्या नावाने घेणाऱ्यालाही काही सोडावे लागत नाही आणि विकणाऱ्यालाही नाही. मला या सवलतींचा राग नाही, गणपतीत आणि दिवाळीतही त्या असतातच. पण त्या सवलतीलाच देशप्रेम म्हणावे, असे जेव्हा जाहिरात सांगते, तेव्हा बाबू गेनूचे नाव पाठ केलेल्या मुलाला आपण काय समजावणार?

नकली मालाचा प्रश्नही तेव्हाच आला होता. खादीला मान मिळाला तसे गिरणीत विणलेले जाडे कापड खादी म्हणून बाजारात येऊ लागले आणि अखेर १९३४ साली, परक्या सरकारच्या राज्यात, खादी आणि खद्दर हे शब्द हातसुताच्या हातविणीच्या कापडालाच लावता येतील असा कायदा करावा लागला. शब्दाला किंमत आली की तो शब्द चोरणारे येतात, हे त्या काळच्या लोकांना कळले होते आणि त्यांनी त्यावर नुसता संताप न करता शब्दाची व्याख्या करून घेतली. आजही ‘भारतीय’, ‘स्वदेशी’, ‘जवानांसाठी’ असे लिहिलेल्या मालावर तो कुठे तयार झाला, कोणी केला, हे पाहण्याची सवय मुलांना लावता येईल. वेष्टनावर निर्मात्याचे नाव आणि आयात मालावर मूळ देश छापणे बंधनकारक आहे. तो छोटा मजकूर वाचायला मी नातवाला शिकवले आहे.

शेवंती, अण्णांशी बोलताना कायद्याने सुरुवात करू नका. त्यांना ते अकरा झेंडे दाखवा.

किनारा (कुलाबा)

मी नौदलातून निवृत्त झालो आहे. ‘जवानांसाठी’ हा शब्द वर आला, म्हणून लिहितो.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ जण मारले गेले. त्यांत आपल्या डोंबिवलीचे तिघे होते. ७ मे रोजी लष्करी कारवाई झाली आणि तिला ‘सिंदूर’ हे नाव दिले गेले, ते कोणाच्या पुसल्या गेलेल्या कुंकवावरून हे प्रत्येकाला समजले. त्याच दिवशी ते नाव मनोरंजनाच्या व्यवसायासाठी व्यापारचिन्ह म्हणून आपल्याला मिळावे, असे अर्ज दाखल होऊ लागले. एका मोठ्या उद्योगसमूहाने आपल्या कंपनीचा अर्ज दुसऱ्या दिवशी मागे घेतला आणि तो अनवधानाने झाला असे सांगितले. चूक मान्य करून मागे येणे चांगलेच. पण सीमेवरची माणसे अजून परतलेली नसताना आणि इकडे घरातले लोक फोनजवळ बसलेले असताना, नावावर हक्क सांगण्याचा विचार कोणाच्या मनात येऊ शकतो, याने मला त्या दिवशी फार यातना झाल्या. तुमचा धंदा चालावा, पण त्या नावाला काही दिवस तरी हात लावू नये, इतकेच माझ्यासारख्याचे मागणे होते.

राष्ट्रगीताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हीच रेषा आखली होती. सिनेमागृहांबद्दलच्या ३० नोव्हेंबर २०१६ च्या आदेशाची चर्चा उभे राहण्यावरून झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये सिनेमागृहात राष्ट्रगीत वाजवण्याची सक्ती मागेही घेतली गेली. पण त्या आदेशातली पहिलीच सूचना वेगळी होती आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. राष्ट्रगीताचा वापर करून कोणालाही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष व्यापारी लाभ मिळता कामा नये, असे तिच्यात म्हटले होते.

‘प्रत्येक खरेदीतला काही भाग सैनिकांना’ अशी जाहिरात दिसली की मी दुकानात तीन गोष्टी विचारतो: कोणत्या निधीला, किती आणि पावती कुठे. बहुतेक वेळा काउंटरवरच्या मुलाला काहीच ठाऊक नसते आणि त्यात त्याचा दोष नसतो. ज्यांना खरोखर द्यायचे आहे त्यांच्यासाठी सशस्त्र सेना ध्वजदिन निधी आहे. १९४९ पासून दर वर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून या निधीचे संकलन होते. माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांची मुले यांच्या कल्याणासाठी तो वापरला जातो आणि दिलेल्या पैशाची पावती मिळते. तुमच्या कंपनीला सांगून पाहा: मांडवावर आणि नाश्त्यावर जे खर्च करणार होता ते तिथे भरा आणि पावती आम्हाला दाखवा, आम्ही ती सभेत वाचून दाखवू.

शेवंती (मुलुंड)

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मी अण्णांच्या घरी गेले. ते अकरा झेंडे मी जपून ठेवले होते, ते त्यांच्यासमोर ठेवले आणि काहीच बोलले नाही. त्यांनी एकेक उलटून पाहिला. मग म्हणाले, ‘मला वाटले होते मुलांना गंमत वाटेल.’ थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच कंपनीच्या माणसाला फोन लावला.

ध्वजस्तंभ, झेंडे आणि छायाचित्रे या तिन्ही अटी मान्य नसल्याचे आम्ही लेखी कळवले आहे आणि किनारा यांनी सुचवलेली निधीची गोष्टही पत्रात लिहिली आहे. त्यावर उत्तर आलेले नाही. कार्यकारिणीतले दोन सदस्य अजून नाराज आहेत. आपण मुलांचा नाश्ता हिरावून घेतला असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते अगदीच चूक आहे असे मी म्हणणार नाही. म्हणून प्रत्येक घरातून ७० रुपये गोळा करायचे ठरले आहे. त्याचे ५,८८० रुपये होतात. त्यात उपमा आणि पेढे दोन्ही बसतात. कागदी झेंडे यंदा नाहीत. ९०० × ६०० मिलिमीटरचा खादीचा नवा ध्वज अण्णा स्वतःच्या खर्चाने आणणार आहेत आणि तेवढा खर्च त्यांनी एकट्याने करावा याला कोणी हरकत घेतली नाही.

दादरकर, आणखी एक विचारायचे राहिले. संस्थेचा जुना ध्वज कडेला विरला आहे आणि तो कार्यालयाच्या कपाटात घडी करून ठेवला आहे. त्याचे आणि या अकरा झेंड्यांचे काय करावे?

दादरकर

विरलेला ध्वज पुन्हा फडकवू नये आणि फाडून किंवा कापून दुसऱ्या कामालाही वापरू नये. ध्वजसंहितेप्रमाणे तो अखंड असताना, लोकांसमोर नव्हे तर खाजगीत, त्याची प्रतिष्ठा राखून शक्यतो जाळून नष्ट करायचा असतो. कागदी झेंड्यांचेही तसेच करावे. तुमच्या झाडलोट करणाऱ्या मावशींना त्या वेळी बोलवा.